झोपलेलं बदक

साबणवाल्याचा फोन आला तेव्हा तिच्या एका हातात मोजा होता आणि दुसऱ्या हातात लेकीचा पाय.

"मॅडम, आपलं वेष्टण बाजारात आलंय. दुसऱ्याच्याच साबणावर."

पाठोपाठ फोटो आला. तिने वेष्टणासाठी काढलेलं तेच बदक, तेच बुडबुडे. साबणवाल्याचा साबण तर अजून कारखान्याबाहेरही पडला नव्हता.

स्टुडिओत ते चित्र पाहिलेल्या दोघीच होत्या. ती स्वतः आणि हाताखालची बारकी. त्यात बारकी दुसरीकडे मुलाखत देऊन आल्याचं कानावर आलेलं. साबणवाला तणतणत स्टुडिओत आला, तेव्हा मागचापुढचा विचार न करता तिने त्याच्यादेखत बारकीला चोर ठरवलं आणि घरी पाठवलं. बारकी भांडली नाही. पिशवी उचलली आणि गेली.

संध्याकाळी नणंद आली. पोलिसांच्या सायबर शाखेतली. सगळं घर तिला टरकून असायचं, एक भाची सोडून. ती खुशाल आत्याचा चष्मा ओढायची.

"बारकी काम कशावर करते?" सगळं ऐकून झाल्यावर चष्मा सोडवून घेत नणंदेने विचारलं.

"स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर. कसल्याशा फुकटच्या प्रोग्रॅमवर. मी हसायचे तिला."

"आणि तू?"

"माझ्या लॅपटॉपवर. घरी, ही झोपली की."

"तुझा प्रोग्रॅम महागातला असेल."

"हं," म्हणून ती पाणी आणायला उठली.

नणंदेने मूळ चित्र दाखवायला सांगितलं. तिने लॅपटॉप पुढ्यात घेतला, सवयीने आधी नेट तोडलं, मग प्रोग्रॅम सुरू केला. लाल काठाची एक चौकट वर आली. माशी हाकलावी तशी तिने ती घालवली.

नणंद बघत होती. मग तिने फोनवरचा फोटो मोठा केला.

"याचे डोळे मिटलेत. तुझ्या बदकाचे उघडे आहेत."

तिने आठवून सांगितलं. झोपलेलं बदक तिने एका दुपारी काढलं होतं, लेक मांडीवर पेंगत असताना. झोपाळू बदकाचा साबण कोण घेणार, म्हणून दुसऱ्या दिवशी तिनेच डोळे उघडले आणि मगच चित्र स्टुडिओत नेलं. आधीचं कुणालाच दाखवलं नव्हतं.

"म्हणजे बारकीने हे पाहिलेलंच नाही," नणंद म्हणाली. "चित्र या लॅपटॉपमधूनच गेलं. कसं, ते आत्ता तूच दाखवलंस. रीतसर घेतलेला प्रोग्रॅम उघडायला कोण नेट तोडतं? पकडलं जाण्याची भीती असते, तोच तोडतो. ती लाल चौकट म्हणजे लॅपटॉपचा पहारेकरी, अँटिव्हायरस, ओरडत होता. त्याला तू गप्प केलंस. चोरीच्या प्रोग्रॅमबरोबर आणखी कुणीतरी आत शिरलंय. काम संपवून तू नेट जोडलंस की तो तुझी चित्रं बाहेर धाडतो. तपासात ते निघेलच. विकणाऱ्यांना मी शोधीन. दार कुणी उघडं ठेवलं, ते तुला ठाऊक आहे."

नणंद ओरडली असती तर बरं झालं असतं.

"पहारा बंद करा, असं त्या साइटवरच लिहिलं होतं," ती खाली मान घालून म्हणाली. "मला कळत होतं, ताई. वर पैसे वाचवले म्हणून तुमच्या भावापुढे मिरवलं."

"बारकीचा प्रोग्रॅम फुकट असला तरी कायदेशीर आहे. बनवणाऱ्यांनीच तो सगळ्यांसाठी खुला ठेवलाय. नाही जमला, तर एकदाच पैसे भरून मिळणारेही आहेत. या बाबागाडीपेक्षा स्वस्त."

ती लेकीला खांद्यावर घेऊन तशीच बारकीच्या दारात गेली. बारकीची आई आत कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने वर पाहिलंही नाही.

"बारके, चुकलं माझं."

"मी चोर नाही, हे मला माहीतच होतं, मॅडम. तुम्ही मला चोर म्हणालात ते साबणवाल्यांसमोर."

तिथेच उभं राहून तिने साबणवाल्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"चित्र बारकीने दिलं नाही. माझ्या लॅपटॉपमधून गेलं. मी चोरीचा प्रोग्रॅम वापरत होते."

उद्या बघू, म्हणून त्याने फोन ठेवला.

घड्या घालणारे हात थांबले होते. बारकी पुढे झाली. आत या, म्हणाली नाही. खांद्यावर झोपलेल्या पोरीच्या पायातून निसटत आलेला मोजा तेवढा तिने वर ओढला.