ऱ्हस्व की दीर्घ?

"तिसऱ्या ओळीतला 'भ' चुकलाय," तो म्हणाला.

मी हातातली छडी तक्त्यावर टेकवून उभी होते. मामांच्या चष्म्याच्या दुकानात अक्षरं दाखवायचं काम माझं. डोळे तपासायला आलेली माणसं काय काय बोलतात याची मला चांगली सवय झालेली – कुणी अंदाजाने ठोकून देतं, कुणी अक्षर दिसलं नाही की माझ्यावरच डाफरतं. पण तक्त्याचीच चूक काढणारा हा पहिला.

"चुकलाय म्हणजे काय?"

"त्याची गाठ पुसली गेलीय. आता तो धड 'भ' नाही आणि धड 'म' नाही. तुमच्याकडे लोकांचे नंबर उगाच वाढत असतील."

मी जवळ जाऊन पाहिलं. खरंच की… चार वर्षं मी त्या अक्षरावर छडी ठेवत होते आणि 'म' म्हणणाऱ्या प्रत्येकाला 'नीट बघा' म्हणून दटावत होते.

त्याने पुढच्या सगळ्या ओळी घडाघडा वाचल्या. मुंगीएवढ्या अक्षरांची शेवटची ओळही वाचली. मग तिच्याखाली तक्ता छापणाऱ्याचा पत्ता होता, तोही वाचून दाखवला. तिथे काही लिहिलंय हे मलाच ठाऊक नव्हतं.

"अहो, तुमचे डोळे माझ्यापेक्षा ठणठणीत आहेत," मागच्या टेबलावर भिंग घासत बसलेले मामा म्हणाले. "आलात कशाला?"

"डोकं दुखतं, काका," तो म्हणाला, आणि मामांकडे मोठ्या आदराने बघत राहिला. आमच्या मामांकडे असं कुणी बघितलेलं मला आठवत नाही. मामीनेसुद्धा नाही.

मी त्याच्यापुढे नाव-पत्ता लिहायचा कागद सरकवला. त्याने कानामागची बोटभर पेन्सिल काढली. कागदाच्या डोक्यावर 'चश्मा' असं छापलेलं होतं. त्याने त्या 'श'खाली बारीक रेघ ओढली आणि शेजारी एक प्रश्नचिन्ह काढलं. प्रश्नचिन्हाखाली टिंब नव्हतं. टिंबाच्या जागी इवलंसं गोल होतं, आतून मोकळं.

ते प्रश्नचिन्ह मी ओळखत होते.

आता हे नीट सांगायला हवं. मी कविता लिहिते, हे तेव्हा मामांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. गावातल्या एका मासिकाकडे मी त्या 'निमिष' या टोपणनावाने पाठवायची. सोबत परतीचा लिफाफा जोडावा लागतो, त्यावर आपलाच पत्ता आपल्याच हाताने लिहावा लागतो. घरी दिवसभर कुणी नसतं, म्हणून मी दुकानाचा पत्ता घालायची. महिन्या-दीड महिन्याने पोस्टमन यायचा आणि मामा आतूनच ओरडायचे, "अगं, तुझं तुलाच पत्र आलंय!" म्हणजे मी समजायचं. स्वतःच्या अक्षरातला लिफाफा म्हणजे 'साभार परत'. कविता पसंत पडली तर लिफाफा मासिकाचा असतो, अक्षर दुसऱ्याचं असतं. असा लिफाफा मी अजून पाहिला नव्हता. सात कविता गेल्या, सातही परत आल्या.

पण तिसरी कविता परत आली तेव्हा एका ओळीशेजारी पेन्सिलीचं हलकंसं प्रश्नचिन्ह दिसलं. टिंबाऐवजी गोल असलेलं. ओळ पुन्हा वाचली तर खरंच लंगडी होती. चौथ्या कवितेवर काहीतरी लिहून खोडरबराने पुसलेलं. मी तो कागद मामांच्या दिव्याखाली तिरपा धरला, वरून त्यांचं मोठं भिंग लावलं, तेव्हा कागदावर उरलेला वळ वाचता आला. 'वा'. एवढंच. त्या एका पुसलेल्या अक्षरावर मी पुढच्या तीन कविता लिहिल्या.

कोण असेल? म्हातारे गृहस्थ असतील, जाड चष्म्याचे, असं मी ठरवून टाकलं होतं. आणि आता ती पेन्सिल माझ्यासमोर उभी होती. चष्मा नाही, नंबर नाही, कोपरापाशी शाई लागलेली बाही.

"काय काम करता?" मी शक्य तितक्या कोरड्या आवाजात विचारलं.

"प्रूफं वाचतो. एका मासिकात." मग तो पुन्हा मामांकडे वळला. "काका, तुम्ही… लिहिता का काही?"

"लिहितो की," मामा म्हणाले. "लोकांचे नंबर."

तो मनापासून हसला. मोठ्या माणसाचा विनय ऐकल्यासारखा हसला. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. माझी शेवटची परत आलेली कविता होती 'चाळिशी'. वाचायचा चष्मा पहिल्यांदा नाकावर ठेवणाऱ्या माणसाची. टोपणनाव पुरुषाचं, पत्ता या दुकानाचा… हा पठ्ठ्या आमच्या मामांनाच कवी समजून बसला होता!

सांगावंसं वाटलं. पण आठवी कविता चारच दिवसांपूर्वी टपालात पडली होती, आणि हीसुद्धा परत आली तर पुन्हा पाठवायची नाही असं मी मनाशी ठरवलं होतं. तोंडओळखीवर छापून आलं तर ते छापून आल्यासारखं होईल का? मी गप्प बसले.

तो पुन्हा आला. एकदा डोळ्यांत पाणी येतं म्हणून, एकदा येत नाही म्हणून. दर वेळी स्टूलवर बसायचा आणि मी भिंगं बदलत विचारायची, "असं बरं दिसतं की असं?"

"कुठे बघू?"

"तक्त्याकडे."

"तिकडे सगळं पाठ झालंय. जरा दुसरं काही दाखवा ना."

"दुसरं काही दाखवायची आमच्याकडे सोय नाही."

"मग राहू द्या… असंच बरं दिसतंय."

चाचणीच्या त्या जड चौकटीत त्याचे डोळे दुप्पट मोठे दिसायचे. मी तशी फार काही बोलकी नाही, पण त्या दिवसांत मला सारखं काहीतरी सुचत होतं, आणि तो गेला की मी ते उगाच फडकं घेऊन काचा पुसत आठवायची. मामा मागून म्हणायचे, "ती काच आता झिजेल."

चौथ्या खेपेला तो थेट मामांसमोर जाऊन उभा राहिला. कानामागची पेन्सिल काढली, परत खोचली.

"काका, आता राहवत नाही म्हणून विचारतो. आमच्याकडे टपाल मीच फोडतो. तुमची नवी कविता वाचली… 'एक डोळा मिटा'. फार सुंदर आहे हो. बाईंच्या टेबलावर ठेवलीय, त्या आमच्या संपादक, अजून वाचलेली नाही त्यांनी. फक्त एक चूक राहिलीय. 'दोन पापण्यांचं मीलन' असं लिहिलंय तुम्ही. 'मि' दीर्घ काढलाय. मिलन ऱ्हस्व. मी पेन्सिलीने दुरुस्त करू का?"

मामांनी भिंग खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी तक्त्याकडे पाहिलं. गप्प बसायचं, मी स्वतःला बजावलं. अगदी गप्प.

"नाही!" मी म्हणाले. "ते दीर्घच आहे. मिलन म्हणजे भेट. मीलन म्हणजे मिटणं. पापण्या भेटत नाहीयेत तिथे, मिटताहेत. डोळा मिटतोय. हात लावायचा नाही त्या शब्दाला."

तो हळूच वळला.

"तुम्ही…?"

"मी."

"चाळिशी?"

"ती मामांची बघून लिहिली."

"आणि मी यांना…" त्याने कपाळावर हात मारून घेतला. "तरीच म्हटलं, मी दर वेळी ओळींचा विषय काढतो, काका काहीच कसे बोलत नाहीत."

"मला वाटलं तुम्ही डोळ्यांबद्दलच बोलताय," मामा म्हणाले आणि उठून आत गेले. आत काहीही काम नव्हतं.

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मलाही माझा चेहरा कुठे ठेवावा कळेना. शेवटी मीच म्हणाले, "बाईंना सांगू नका. चांगला शब्द टाकू नका, वाईटही नको. कवितेला तिच्या पायांनी जाऊ दे."

तो म्हणाला, "मग निकाल लागेपर्यंत मी इथे येता कामा नये."

"का?"

"आलो तर बाईंसमोर तोंडावरून कळेल."

आणि तो खरंच आला नाही. एक आठवडा, दोन, तीन. ज्याला कुठलाच नंबर नव्हता त्या माणसाने डोळे दाखवायला यावं म्हणून मी रस्त्याकडे बघत बसायची. कवितेचं काय होणार ही धाकधूक होतीच. पण खरं सांगायचं तर, हळूहळू मला कळेनासं झालं की मी वाट कशाची बघतेय. कविता परत आली तर तो कुठल्या तोंडाने येईल? आणि नाही आली तरी येईल का?

पाचव्या आठवड्यात पोस्टमन आला.

"अगं, तुझं तुलाच पत्र आलंय," मामा म्हणाले. या वेळी ते ओरडले नाहीत.

माझंच अक्षर. माझाच लिफाफा. संपलं, मी मनात म्हटलं. तो दुपारपर्यंत तसाच पडून राहू दिला. एका आजोबांना दोन चौकटी दाखवल्या, दोन्ही उलट्या. मग मामांनीच लिफाफा उचलून माझ्या हातात दिला. "फोड. पुसलेलं असलं तर भिंग माझं आहेच."

आत माझा कागद नव्हता. आत छापलेला कागद होता. लांबट, ओलसर शाईच्या वासाचा, आणि त्याच्या मधोमध माझी कविता. छापील अक्षरांत ती मला परक्याची वाटली, आणि आवडली. वर संपादक बाईंच्या हिरव्या शाईत दोन ओळी होत्या: 'कविता घेतली आहे. प्रूफ तपासून परत करावे. तुमचाच लिफाफा वापरला, वाया कशाला घालवायचा.'

मी मघाच्या आजोबांच्या रिकाम्या स्टूलवर बसले आणि रडले. मामा नाक ओढत काच पुसायला लागले.

मग मला समास दिसला. डाव्या समासात, 'मीलन'च्या अगदी शेजारी, पेन्सिलीने बारीक लिहिलं होतं: 'दीर्घ. हरलो. बाईंनीही दीर्घच ठेवायला सांगितलं, मी काही बोललो नव्हतो.' आणि त्याच्या खाली, आणखी हलक्या हाताने: 'मिलन? (ऱ्हस्व)'. प्रश्नचिन्हाखाली टिंबाऐवजी गोल होतं, आतून मोकळं.

प्रूफ टपालाने परत करता आलं असतं. मी चालत निघाले.

छापखान्याच्या माडीवर दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत तो कागदांच्या गठ्ठ्यात मान घालून बसला होता. मला बघून उभा राहिला आणि त्याच्या मांडीवरची सगळी प्रूफं जमिनीवर गेली.

"परत करायला आले," मी म्हणाले.

"चुका आहेत?"

"एक जागा अडलीय. पेन्सिल द्या."

त्याने कानामागची पेन्सिल दिली. ती कोमट होती. मी त्याच्या टेबलावर वाकून त्या मोकळ्या गोलात नीट टिंब भरलं. शेजारी लिहिलं: 'ऱ्हस्व. छापायला हरकत नाही.' आणि खाली सही केली. 'निमिष' नाही, माझी स्वतःची.

तो ते वाचत राहिला… एवढ्याशा ओळीला कुणी इतका वेळ लावत नाही.

"दोनदा वाचावं लागतं," तो हळूच म्हणाला. "कामाची सवय."

"मग तिसऱ्यांदाही वाचा. मला घाई नाही."

तेवढ्यात आतल्या खोलीतून बाई आल्या. त्यांनी त्याच्या हातातून प्रूफ घेतलं, चष्मा कपाळावर चढवला आणि कागद डोळ्यांजवळ धरला. आम्ही दोघंही जमिनीकडे बघत होतो.

"ऱ्हस्व?" त्या म्हणाल्या. "कवितेत तर दीर्घ आहे. आणि हे प्रूफाच्या समासात काय चाललंय? हा कुठला समास म्हणायचा?"

तो शाईची बाही धरून नुसता उभा. म्हणून मीच म्हणाले, "द्वंद्व, बाई. दोन्ही पदं महत्त्वाची."

बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग प्रूफ परत त्याच्या हातात दिलं. "कविता छापायला पाठव," त्या म्हणाल्या. "समास तेवढा कापून ठेवून घे."