उस्तादचा माउस

आधीच सांगतो. विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर द्या सोडून. कुणाला पटवत बसण्याचं त्राण माझ्यात नाही. जिच्या बाबतीत हे घडलं त्या माझ्या मावसबहिणीत तर अजिबातच नाही.

आणि हो, रात्रबित्र नव्हती. सोमवारचा लख्ख दिवस होता. चार मजल्यांचं ऑफिस, सगळे दिवे लागलेले, माणसांची ये-जा चाललेली.

ताई त्या ऑफिसात कॉम्प्युटरचं बघते. कुणाचा प्रिंटर अडला, कुणी पासवर्ड विसरलं, की बोलवा तिला. शनिवार-रविवार बसून तिने एकटीने सगळ्या लॅपटॉपवर नवी सिस्टीम चढवली होती. मधला वेळ हॉस्पिटलमध्ये, मावशीच्या उशाशी. झोप म्हणाल तर खुर्चीत बसल्या बसल्या लागलेली डुलकी.

मावशीच्या छातीत त्याच आठवड्यात पेसमेकर बसवला होता. हृदयाचे ठोके सांभाळणारं एवढंसं यंत्र. सोमवारी संध्याकाळी तिला घरी सोडणार होते.

"तू आल्याशिवाय मी इथून हलायची नाही," मावशीने बजावलं होतं. "आणि आल्या आल्या आधी माझा हात धर. जिना बघितला तरी पाय कापतात माझे."

ताईला त्या दिवशी एवढंच हवं होतं. वेळेवर सुटायचं आणि आईचा हात धरायचा.

सकाळी टेकते न टेकते तोच फोन वाजला. दुसऱ्या मजल्यावरच्या हिशेबाच्या बाई होत्या.

"अगं, काय करून ठेवलंस? बोट घासून घासून झिजलं माझं. बाण काही हलायला तयार नाही."

ताई गेली. कीबोर्डवरूनच सेटिंग उघडलं. माउस जोडलेला असेल तर ट्रॅकपॅड, म्हणजे बोट फिरवायची ती चौकट, आपोआप बंद ठेवायचं, असं एक बटण असतं. नव्या सिस्टीमने ते चालू करून टाकलं होतं.

"माउस कुठाय तुमचा?"

"माउस? माझ्याकडे कधी होता?"

ताईने जोडलेल्या वस्तूंची यादी उघडली.

एक माउस जोडलेला होता.

नाव होतं... उस्ताद.

उस्ताद म्हणजे तिचा वरिष्ठ. तिला सगळं काम त्यानेच शिकवलं. लोकांच्या ट्रॅकपॅडला बोट लावायचा त्याला भारी कंटाळा. स्वतःचा वायरलेस माउस खिशात टाकून हिंडायचा आणि ज्याच्या त्याच्या लॅपटॉपला तोच जोडायचा. त्यामुळे ऑफिसातल्या प्रत्येक लॅपटॉपमध्ये हे नाव असणारच होतं.

पण नाव असणं वेगळं. नावापुढे लिहिलं होतं 'जोडलेला'. म्हणजे माउस चालू आहे. आत्ता. इथेच कुठेतरी.

आणि उस्ताद जाऊन तीन महिने झाले होते. ऑफिसातच, खुर्चीत बसल्या बसल्या.

कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये पडला असेल, ताईने मनाशी म्हटलं. यादीतून तो माउस काढून टाकला. बाण हलायला लागला. बाई खूश.

जिन्यापाशी आली तर मागे आवाज आला.

टक-टक.

विचारात पडला की उस्ताद माउसची दोन्ही बटणं अशीच वाजवायचा.

तिने वळून पाहिलं. कुणीच नव्हतं.

मग फोनवर फोन. तिसरा मजला, पहिला मजला, परत दुसरा. सगळीकडे तेच. ट्रॅकपॅड बंद, माउस जोडलेला, नाव उस्ताद. काढून टाकावा आणि पाठ फिरवून परत बघावं, तर पुन्हा हजर. सेटिंगचं बटणच बंद केलं, तेही आपसूक चालू. नाकी नऊ आले तिच्या. जेवण राहिलं, पाणी प्यायचं भान राहिलं नाही.

तिसऱ्या मजल्यावरचा टकल्या साहेब हसत म्हणाला, "मॅडम, तुमचा पायगुण हो! तुम्ही गेलात की चालतंय, आलात की बसतंय."

सगळे हसले. तीही हसली.

मग तिच्या हसण्यातला जीवच गेला.

कारण त्याचं म्हणणं खरं होतं. सकाळी ती नसतानाही बाण अडले होते, पण आता ती जवळ गेली की अडत होते.

"साहेब, तुम्ही बोट फिरवत राहा," म्हणत ती दारापर्यंत मागे गेली.

"चाललं!"

ती पुढे आली.

"बसलं..."

पुन्हा मागे. चाललं. पुन्हा पुढे. बसलं.

तिने पर्स बाहेर ठेवली. मोबाइल ठेवला, गळ्यातलं ओळखपत्र ठेवलं. खिसे उलटे केले. रिकाम्या हातांनी पुढे आली.

बसलं.

आता कुणी हसत नव्हतं.

बाहेर येऊन तिने उस्तादच्या बायकोला फोन लावला. "वहिनी, त्यांचा तो माउस घरी आहे का हो?"

पलीकडे वहिनींनी आधी टीव्ही बंद केला.

"तो कसा असेल गं घरी? त्यांच्या मुठीतच होता ना. डॉक्टरांनी पाहिलं, सगळ्यांनी पाहिलं, मूठ सुटेना. शेवटी तसंच, माउससकट नेलं त्यांना स्मशानात... का गं?"

"काही नाही. सहज," ताई म्हणाली. आणि तिने फोन ठेवून दिला.

उस्तादचं एक ठरलेलं वाक्य होतं. एक जरी तक्रार बाकी असेल तरी घर गाठायचं नाही. त्या दिवशीही तो तसाच थांबला होता. ताईला म्हणाला होता, तू हो पुढे, माझं एवढं राहिलंय.

आणि तिच्या फोनवर तक्रारींवर तक्रारी येत होत्या.

टक-टक.

अगदी कानाशी.

ताई रिकाम्या जिन्यात उभी राहिली आणि तिला रडूच कोसळलं. भीतीचं कमी, दमल्याचं जास्त. "उस्ताद, आज जाऊ द्या हो मला. आई वाट बघतेय. उद्या बसते तुमच्यासोबत, म्हणाल तितका वेळ."

कुणाचीही परवानगी न घेता ती निघाली.

बसमध्ये बसली तोच हिशेबाच्या बाईंचा फोन. तिने जीव मुठीत धरून उचलला.

"अगं, जादू केलीस की! सगळ्यांचं एकदम सुरू झालं. जा आता, आईला ने घरी."

ताईने खिडकीला डोकं टेकलं. सुटले बाई, म्हणाली. त्या दिवसात पहिल्यांदा तिने मोकळा श्वास घेतला.

हॉस्पिटलच्या काउंटरवर एक मुलगी लॅपटॉपवर डिस्चार्जचे कागद करत होती. ताई पुढे झाली. मुलीने बोट फिरवलं. परत फिरवलं. कपाळाला आठ्या पडल्या.

"एक मिनिट हं... आत्ता तर चालत होतं."

ताईने काउंटरवरचा हात काढून घेतला.

या लॅपटॉपला उस्तादने जन्मात हात लावला नव्हता.

ती हळूहळू मागे सरकली. काउंटरपासून खांबापर्यंत, खांबापासून दारापर्यंत.

"हां, झालं सुरू!" मुलगी म्हणाली.

तेवढ्यात वॉर्डातल्या आयाबाईंनी चाकाच्या खुर्चीतून आईला आणलं. लेकीला पाहून आईचा चेहरा उजळला. तिने हात पुढे केला.

"आलीस! ये गं, धर मला."

ताई जाणार होती. एक पाऊल टाकलंही होतं.

टक-टक.

तिची नजर आईच्या छातीवर गेली. पातळाच्या काठाखालून पांढरी पट्टी दिसत होती.

ती होती तिथेच थांबली.

"अगं, ये ना..."

आईचा हात तसाच हवेत राहिला. शेवटी वॉर्डातल्या बाईंनी तो धरला आणि जिना उतरवला. ताई बरंच अंतर ठेवून मागून उतरली.

डॉक्टर म्हणतात, माउसने पेसमेकरला काहीही होत नाही. ताईला हे माहीत नाही होय? तिचं पोटच त्या कामावर चालतं. पण कुठला माउस, हे डॉक्टरांना कोण सांगणार?

परवा मी मावशीकडे गेलो होतो. माझं थोडं काम राहिलं होतं, म्हणून लॅपटॉप उघडून तिच्या पलंगापाशीच बसलो. मावशी माझ्याकडे झुकून हळूच म्हणाली, "तुला काही बोलली का रे ही? काय चुकलं माझं? आले त्या दिवसापासून लांबूनच बोलते. औषध द्यायलासुद्धा शेजारणीला बोलावते. हात लावत नाही मला."

मी म्हटलं, दमलीय गं ती. मावशीने डोळे पुसले.

तेवढ्यात ताई चहा घेऊन दाराशी आली.

माझ्या लॅपटॉपवरचा बाण जागच्या जागी थांबला.

मी वर पाहिलं. ताई माझ्या चेहऱ्याकडेच बघत होती. तिला कळलं. ती ट्रे घेऊन उंबऱ्याबाहेरच उभी राहिली, पुढे आली नाही.

मी तिला आत ये म्हटलं नाही. उठलो, आणि दारात जाऊन मावशीचा कप मीच आणला.