कॅसेटमधली मोकळी जागा

हे मी बनवून सांगत नाहीये. बनवून बोलायचं काम आमच्या घरात माझा थोरला भाऊ मर्ल करायचा. मी चाळीस वर्षं नळ दुरुस्त केले.

ऑक्टोबर १९८६. शनिवार. मर्लचं वॅन नाईस या उपनगरातलं घर. दुपारचे चार.

रात्र नव्हती. बाहेर लख्ख ऊन होतं. वाळवंटाकडचा गरम वारा सुटला होता, म्हणून खिडक्या बंद होत्या. हे आधीच सांगतो, कारण ऐकणारा पहिल्यांदा तेच म्हणतो... वाऱ्याचा आवाज असेल.

तो वाऱ्याचा आवाज नव्हता.

मर्लला एकेकाळी अख्खा देश ओळखायचा. टीव्हीवरच्या एका विनोदी मालिकेत त्याने सात वर्षं शेजाऱ्याचं काम केलं. दर आठवड्याला कुंपणावरून डोकं काढायचं आणि ओरडायचं, "माझी शिडी परत कर!" लोक हसून लोळायचे. मालिका अडुसष्ट साली बंद पडली. शिडी काही बंद पडली नाही. बँकेत शिडी, दवाखान्यात शिडी. त्याच्या बायकोच्या दफनाला आलेला एक माणूस त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "फार वाईट झालं." आणि मग हळूच, "एकदा म्हणाल का हो ते शिडीचं?"

मर्लने म्हटलं. नाही म्हणायची त्याला सवयच राहिली नव्हती.

त्याची बायको कोरीन नटी नव्हती. पण त्याचं प्रत्येक वाक्य तिनेच पाठ करून घेतलं. दोघांची पद्धत ठरलेली. मर्ल कागदावर आपली वाक्यं पिवळ्या मार्करने रंगवायचा. कोरीन स्वयंपाकघरात दार लावून एकटी बसायची आणि बाकी सगळ्यांची वाक्यं कॅसेटवर बोलायची. पिवळं आलं की गप्प. तेवढी जागा मोकळी. त्या जागेत मर्लने आपलं वाक्य म्हणायचं.

समोर बसून सराव घेताना ती आणखी कडक. एक शब्द चुकला तरी दुरुस्त करायची नाही, रागवायची नाही. फक्त आधीचं वाक्य पुन्हा म्हणायची. बरोबर येईपर्यंत.

ती गेली तेव्हा मर्ल दूर फ्रेझ्नो शहरातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात शिड्यांवर सह्या करत होता. दुकानदार येऊन म्हणाला, "तुमच्या मिसेसचा फोन आहे."

रांग मोठी होती.

"सांगा, संध्याकाळी करतो," मर्ल म्हणाला.

संध्याकाळी कुणी फोन उचलला नाही. तिचं हृदय दुपारीच बंद पडलं होतं.

अकरा महिने त्याच्या डोक्यात तेवढंच घोळत होतं. कोरीन फोनवर काय सांगणार होती?

त्यातच त्याचा एजंट हर्शेल याचा फोन आला. जुनी मंडळी गोळा करून त्या मालिकेवर एक सिनेमा निघत होता.

"तू मेलायस असं दोघांनी सांगितलं मला," हर्शेल म्हणाला. "मी म्हटलं, छे! मेला नाही, नुसता रिकामा बसलाय."

"वाक्यं किती आहेत, हर्श?"

"नऊ. त्यातली पाच शिडीची."

नऊ वाक्यं. तीसुद्धा त्याच्या डोक्यात बसेनात. तीन आठवडे तो कागद घेऊन घरभर फिरला. शेवटी वैतागून त्याने कपाटातली एक जुनी कॅसेट काढली. कामासाठी नाही. नुसता तिचा आवाज ऐकायला.

बारा वर्षांपूर्वी त्याने एका मालिकेत डॉक्टरचं छोटं काम केलं होतं, त्याची ती कॅसेट.

"डॉक्टर, माझा मुलगा कुठे आहे?" कोरीन म्हणाली. सपाट आवाजात. भाव तुझा तू घाल, म्हणायची.

मर्लने आठवेल तसं उत्तर दिलं. एक शब्द चुकला.

मोकळी जागा संपली. पण पुढचं वाक्य आलं नाही...

टेप फिरत होती.

आणि मग... "डॉक्टर, माझा मुलगा कुठे आहे?"

त्या शनिवारी मर्लने मला फोन केला. "व्हर्न, ये." एवढंच.

मी गेलो. ऐकलं. म्हटलं, "मर्ल, जुनी टेप अडकते कधीकधी."

"तू नळवाला आहेस, नळाचं बोल. बस आणि ऐक."

त्याने माझ्यासमोर मुद्दाम चुकीचं वाक्य म्हटलं. आधीचं वाक्य परत आलं. पुन्हा चुकीचं म्हटलं. पुन्हा तेच. मग त्याने बरोबर म्हटलं...

"देवाचे आभार, डॉक्टर," कोरीन म्हणाली आणि पुढे गेली.

माझ्या हातातली बिअर तशीच राहिली.

मर्लने टेप मागे घेतली. आता त्याने डॉक्टरचं वाक्य म्हटलंच नाही. रेकॉर्डरकडे वाकून विचारलं, "कोरीन, त्या दिवशी फोन कशाला केला होतास?"

शांतता...

"डॉक्टर, माझा मुलगा कुठे आहे?"

मर्लने टेबलावर मूठ आपटली. "अकरा महिन्यांनी आली, ती पण दुसऱ्याची वाक्यं घेऊन! माझ्याशी बोल ना, बाई!"

"कागदावर नसलेलं ती कधी बोललीय का?" मी म्हणालो.

मी आपलं बोलायचं म्हणून बोललो. तोंड बंद ठेवायला हवं होतं.

मर्ल उठला. टाइपरायटर काढला. एका कागदावर आपलं नाव आणि आपला प्रश्न टाइप केला. खाली कोरीनचं नाव. तिच्या नावापुढे काहीच नाही. मार्कर फिरवला. कागद तिच्या खुर्चीसमोर ठेवला. रेकॉर्डरमध्ये कोरी कॅसेट घातली, बटण दाबलं आणि स्वयंपाकघराचं दार बाहेरून लावलं.

आम्ही घरापुढच्या पायरीवर जाऊन बसलो.

थोड्या वेळाने आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला...

मर्लने माझं मनगट धरलं. "आत जायचं नाही. रेकॉर्ड करताना कुणी आलेलं तिला चालत नाही."

अर्ध्या तासाने आम्ही आत गेलो. खुर्ची मागे सरकलेली होती. मर्लने टेप लावली.

खरखर. मग कागद उचलल्याचा आवाज. मग तिचा श्वास...

"कोरीन, त्या दिवशी फोन कशाला केला होतास?"

तिचाच आवाज. पण वाक्य मर्लचं.

आणि पुढे मोकळी जागा.

मी कागद पाहिला. पिवळा रंग कोरीनच्या नावापुढच्या कोऱ्या जागेवर होता.

"मर्ल, तू तिची जागा रंगवलीस."

तो कागदाकडे बघत राहिला. आयुष्यभर वाक्यं रंगवलेला माणूस! "मला तीच ऐकायची होती ना रे," तो म्हणाला. "हात आपोआप तिथे गेला."

आता उत्तर त्यालाच द्यायचं होतं.

"कोरीन, त्या दिवशी फोन कशाला केला होतास?"

"दूध संपलंय," मर्ल म्हणाला.

शांतता... पुन्हा तोच प्रश्न.

"हर्शचा निरोप आहे."

पुन्हा तोच प्रश्न.

"तुझी आठवण आली." त्याचा आवाज फाटला.

पुन्हा तोच प्रश्न. तसाच सपाट.

"मला नाही माहीत! तू सांग! तू सांग ना!"

पुन्हा तोच प्रश्न.

कुठलं वाक्य राहिलं होतं ते मला माहीत होतं. त्यालाही.

"म्हण ते," मी म्हणालो.

"नाही."

"मर्ल, म्हणून मोकळा हो."

"आणि बरोबर निघालं तर?"



प्रश्न आणखी दोनदा आला. मग मर्लने तोंड रेकॉर्डरजवळ नेलं आणि हळू आवाजात म्हणाला, "मर्ल, छातीत दुखतंय. लवकर घरी ये."

टेप फिरत राहिली...

एक मिनिट. दोन मिनिटं.

प्रश्न परत आला नाही.

कॅसेटची बाजू संपेपर्यंत आला नाही. खट्ट करून बटण वर आलं, तेव्हा मी खुर्चीतून उडालो.

"टेप खराब असेल," मी म्हणालो.

मर्लने मान हलवली. "बरोबर आलं की ती पुढचं वाक्य म्हणते. पुढचं मी लिहिलंच नव्हतं."

"मग लिही."

"पुढचं वाक्य माझं आहे, व्हर्न. तिने असं सांगितल्यावर मी काय म्हणालो असतो, ते." तो टाइपरायटरकडे वळला. "'निघालो' लिहू? खोटं असलं तर? या कागदावर माझी वाक्यं तीच म्हणते, ते खोटं तिच्या तोंडून ऐकू?"

त्या दिवसानंतर ती जुनी कॅसेट नेहमीसारखी वाजते. कुणासाठी थांबत नाही. मर्लने सिनेमातलं काम सोडलं. हर्शेल मला फोन करून शिव्या घालतो.

मर्ल एक वाक्य टाइप करायला बसतो आणि कागद फाडतो. दर शनिवारी मला फोन करून विचारतो, "व्हर्न, खरं सांग. काय म्हणालो असतो मी?"

मी विषय बदलतो.

गेल्या शनिवारीही त्याने तेच विचारलं. मी हवापाण्याचं काहीतरी बोलत होतो. आणि फोनमध्ये, मर्लच्या मागे कुठेतरी...

टाइपरायटर वाजत होता.

सावकाश. एकेक अक्षर.

मर्ल माझ्याशी बोलत होता. घरात दुसरं कुणी राहत नाही.

मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. आम्ही दोघंही फोन कानाला लावून तो आवाज थांबायची वाट बघत राहिलो.