बॅरनसाहेबांचं मेलेलं झाड

एक मेलेलं झाड डोंगरावरून जसंच्या तसं खाली आणायचं, एवढ्यासाठी आम्ही तिघं भर जानेवारीत काळी धार नावाच्या कड्याकडे निघालो. वीज पडून करपलेलं, एका अंगाला वाकलेलं लार्चचं झाड ते. चुलीतसुद्धा धड जळलं नसतं. टिरोलच्या आमच्या खोऱ्यात तसली झाडं पैशाला पासरी. पण बॅरन फॉन वेसनिट्झ यांनी हेच झाड संध्याकाळच्या उजेडात दुर्बिणीतून पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली.

त्या वर्षांत शहरातल्या बड्या लोकांत उदास व्हायची साथच आली होती. त्याला ते रोमँटिक म्हणायचे. धबधबा दिसला की रडायचं, थडगं दिसलं की थबकायचं, टोपी काढून वाऱ्यावर केस उडू द्यायचे. बॅरननी तर व्हिएन्नाजवळच्या बागेत गवंड्यांकडून चांगली भक्कम भिंत बांधून घेतली आणि मग त्यांनाच ती पाडायला लावली. पडकी भिंत हवी होती म्हणे! आता तिच्याशेजारी उभं करायला मेलेलं झाड हवं होतं. जंगल त्यांच्या मालकीचं, त्यामुळे आमच्या मताला विचारतो कोण.

माझे दाजी रूपर्ट हे खोऱ्यातले सगळ्यात जाणते लाकूडतोडे. माझी बहीण वाल्बुर्गा तेव्हा सात महिन्यांची पोटुशी होती. निघताना तिनं मला बाजूला घेतलं.

"झाड गेलं खड्ड्यात, आल्बान. हे मला धड परत हवेत."

चढाला लागल्यावर बॅरननी आम्हाला थांबवलं. "तुम्ही मागं राहा. मला दिसू नका. मला एकांत हवाय."

आम्ही मागं राहिलो. वीस पावलांवर त्यांचा एकांत कमरेपर्यंत बर्फात रुतला. दाजींनी आणि मी त्यांना काखेत हात घालून उपसून काढलं. त्यानंतर ते निमूट आमच्या पावलांत पाऊल टाकत आले. दुपारी समोरच्या उतारावरून बर्फाचा लोंढा गडगडत खाली आला, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. आम्ही खडकाला चिकटलो, बॅरन मात्र हात पसरून "भव्य! भव्य!" म्हणत उभे. मी त्यांची कॉलर धरून त्यांना खाली बसवलं. भव्य म्हणजे काय, ते लोंढ्याखाली सापडलेल्यांच्या बायकांना विचारा.

झाड मुळांसकट काढायचं होतं, कुऱ्हाडीचा घाव कुठं दिसता कामा नये. गोठलेली जमीन पहारीनं फोडण्यात दीड दिवस गेला. मग घसरगाडीवर बांधायची वेळ आली, तेव्हा बॅरननी फर्मान काढलं, एकही फांदी छाटायची नाही.

"दाजी, फांद्यांसकट लाकूड कधी उतारावर घातलंय?" मी विचारलं.

"मालकांचं झाड आहे रे."

"आणि मान कुणाची?"

"माझी. म्हणून म्हणतो, दोर नीट सोड."

दाजी गाडीच्या पुढच्या दोन दांड्यांमध्ये उभे राहिले, टाचा रोवून वेग आवरायला. मी वर, एका जाड खुंटाला दोराचे तीन वेढे देऊन तो हळूहळू सोडत होतो. बॅरन मधल्या खडकावर चित्र काढायची तिवई मांडून बसले होते. डावीकडे ओढ्याची खोल घळ. पहिला टप्पा उतरला. दुसराही उतरला.

आणि मग फांदी अडकली!

गाडी गर्रकन फिरली. मागचा भाग घळीवर लोंबकळला. दाजींची किंकाळी ऐकू आली. फांदी आणि खडक यांच्यामध्ये त्यांचा पाय सापडला होता. दोर ताणला. एक पीळ तटकन तुटला! मी दोर खुंटाला गाठ मारून बांधला, कुऱ्हाड घेतली आणि धावत सुटलो. फांदीपाशी बॅरन दोन्ही हात पसरून उभे होते.

"ही नाही! झाडाचा सगळा आत्मा या फांदीत आहे!"

मी त्यांना छातीवर ढकललं. ते बर्फात उताणे पडले. पहिला घाव. दुसरा. दुसरा पीळ तुटला. तिसऱ्या घावाला फांदी सुटली, मी दाजींना काखेतून ओढलं, आणि दोर तुटला. झाड, गाडी, सगळं घळीत गेलं. बराच वेळ खालून मोडण्याचे आवाज येत राहिले.

दाजींचा पाय गुडघ्याखाली मोडला होता. तोंड पांढरं पडलं होतं, पण माणूस जिवंत होता. मला रडू आलं.

"त्यांना हलवू नका," मागून बॅरन म्हणाले.

मला वाटलं, दया आली. वळून बघतो तर ते तिवईपाशी बसून कोळशानं भराभरा रेघा मारत होते.

"असेच पडून राहू देत. खाली मोडलेलं झाड, काठावर हा माणूस... उभ्या झाडापेक्षा हे कितीतरी सुंदर आहे. पाव तास फक्त."

मोडलेल्या पायाला बांधायला सरळ लाकूड लागतं. तोडलेली फांदी जवळच पडली होती, पण आत्म्याच्या त्या फांदीत वीतभरसुद्धा सरळ तुकडा नव्हता. मी तिवईवरचा कागद उचलून बर्फावर ठेवला, तिवई आडवी पाडली आणि कुऱ्हाडीनं तिचे तीनही पाय वेगळे केले.

"अहो, ती व्हिएन्नाहून आणलीय!" बॅरन ओरडले.

"सरळ आहे," मी म्हणालो. दोन पाय दाजींच्या पायाला बांधले, तिसरा काठी म्हणून त्यांच्या हातात दिला, आणि त्यांना पाठीवर घेऊन उतरू लागलो.

मार्चमध्ये वाल्बुर्गा बाळंत झाली. तोवर दाजी काठी टेकत घरभर फिरत होते. पाय जराही वाकडा जुळला नाही. तिवईचं लाकूड चांगलं होतं, एवढं मात्र मी बॅरनच्या बाजूनं म्हणेन.