फुकट चार्जिंगचं दुसरं कार्ड

मंगळवारी सकाळी आठ वाजता सुमंगलाच्या फोनवर सुंदरी रडत होती.

"अक्का, मला चोर म्हणतात गो. गुरुवारी साहेब येऊन मला कामावरून काढणार."

"कसली चोरी?"

"चार्जिंगची. फुकटच्या चार्जिंगची."

जे फुकटच आहे ते चोरायचं कसं, असा प्रश्न सुमंगलाला तिथल्या तिथे पडला. गेली बावीस वर्षं ती गणेशगुडीपासून बाजारकुणंगपर्यंत घरोघरचे विजेचे मीटर वाचत होती. एखादा आकडा जुळला नाही तर तिला जेवण गोड लागत नसे.

"रडू नको. आले मी."

तिचा नवरा शिवानंद ओसरीवर पाय पसरून बसला होता. नदीकाठच्या लॉजवर तो ड्रायव्हर होता.

"अहो, मला चार्जिंगपाशी सोडता का? सुंदरीवर बालंट आलंय."

"आज वार हाय, विसरलीस? चाक फिरवायचं न्हाई."

खानापूरकडच्या त्यांच्या गावात बऱ्याच वर्षांनी लक्ष्मीची जत्रा भरणार होती. जत्रेआधीचे पाच मंगळवार गावाने पाळायचे, म्हणजे औत धरायचं नाही, गाडी काढायची नाही, कामधंद्याला जायचं नाही. आजचा पाचवा. गाव सोडून पंचवीस वर्षं झाली तरी वार पाळायला दोघं चुकली नव्हती.

"मग मी चालत जाते. पायाला चाक न्हाई," सुमंगला म्हणाली. खुंटीवरचा किल्ल्यांचा जुडगा सवयीने कमरेला खोचून ती निघाली.

चार्जिंगचं यंत्र लॉजच्या फाट्यावर होतं. एक यंत्र, वर पत्रा, शेजारी एक छोटी खोली. दिवसपाळीला सुंदरी. बाजारकुणंगकडच्या तिच्या वाडीतली महिन्याच्या पगारावर लागलेली ती पहिली बाई. आठ महिन्यांचं मूल घरी ठेवून तिने ही नोकरी धरली होती.

खोलीच्या दारात पुंडलिक उभा होता. रामनगरचा टॅक्सीवाला, चेहरा लालबुंद.

"अक्का, तुमीच सांगा. विश्वास ठेवला त्येचं हे फळ?"

"आधी काय झालं ते सांग. सगळं."

त्याने सांगितलं. फाट्यावरचं यंत्र विजेवरच्या गाड्या करणाऱ्या एका कंपनीचं; तिनेच योजना काढली होती. तालुक्यात तिची गाडी जो पहिला घेईल त्याला तीन वर्षं जलद चार्जिंग फुकट. जोयडा तालुक्यात पहिला पुंडलिक. त्याला दोन कार्डं मिळाली. कार्ड यंत्राला टेकवलं की वीज सुरू. अट एकच, कार्ड फक्त स्वतःच्या गाडीला वापरायचं. दुसऱ्याची गाडी भरली तर सवलत कायमची बंद.

"दुसरं कार्ड कुठं असतंय?"

"हितंच, खोलीत खिळ्याला. मी इसरभोळा. कार्ड घरी ऱ्हायलं तर पंचाईत नको म्हणून सुंदरीच्या हवाली केलं. आन् हिनं ते वाटलं!"

"मी न्हाई वाटलं!" सुंदरी ओरडली. "लेकराची शपथ."

"कंपनीला कळलं कसं?"

पुंडलिकने कागद पुढे केला. दोन महिन्यांत दोन्ही कार्डांवर कधी किती वीज घेतली त्याची यादी. पहिल्या कार्डाचं ठीक होतं. दुसरं मात्र जवळजवळ रोज वापरलेलं. एके दिवशी तर सकाळी अकराला पहिल्यावर गाडी पूर्ण भरली आणि दुपारी सव्वाला दुसऱ्यावर पुन्हा पूर्ण. एका गाडीच्या पोटात एवढी वीज मावत नाही. कंपनीचा साहेब नागराज त्यावरूनच चिडला होता.

"गाडीचा नंबर न्हाई ह्यात?"

"यंत्र नंबर लिवत न्हाई," सुंदरी म्हणाली. "कार्ड न्हाईतर पैसे भरणाऱ्याचा फोन, एवढंच."

"कॅमेरा?"

"वायर माकडांनी तोडली. दोनदा."

सुमंगलाने यादीवरून बोट फिरवलं. दुसऱ्या कार्डाची प्रत्येक नोंद दुपारी एक ते दोनच्या मधली.

"एक ते दोन तू कुठं असतीस?"

"घरी. लेकराला पाजायला जाते. कुलूप लावून. बरोबर एकला निघते, दोनला येते."

"एकदाबी चुकली न्हाईस?"

"लेकरू रडतंय अक्का. कशी चुकणार?"

"किल्ल्या किती?"

"दोन. एक माझ्या गळ्यात. दुसरी तुमच्या जुडग्यात, मीटर आत हाय म्हणून."

सुमंगलाला हसू आलं. "बघ पुंडलिक, मग चोर मीच."

पुंडलिक हसला नाही. "चेष्टा नको अक्का. साक्षीदार हाय. तुमच्याच शिवानंदनं बघितलंय. गोव्याच्या गाडीवाल्याला हिनं कार्ड दिलं आन् चिरीमिरी घेतली. हॉटेलात चारचौघांत सांगितलं त्येनं."

सुमंगलाने यादीची घडी घालून ती कमरेला खोचली. तिचा नवरा फुशारकी मारायचा, पण खोटं बोलायचा नाही. तिने सुंदरीकडे पाहिलं. पोरीच्या डोळ्यांत आता पाणीही नव्हतं. सुमंगला तिच्यावर संशय घेते आहे हे तिला कळलं होतं.

त्या दिवशी संध्याकाळी सुमंगलाने शिवानंदला विचारलं.

"तुमी खरंच बघितलं?"

"व्हय तर. गोव्याची पांढरी गाडी. गेल्या आठवड्यात."

"किती वाजता?"

"दुपारी. एक वाजून गेला हुता. सुंदरी दारात हुबी राहून कार्ड देत हुती. तू कशाला पडतीस त्यात? जत्रेला दोनशे पाहुणे यायचेत, ते बघ."

तो पाहुण्यांची नावं आठवून आठवून सांगू लागला. सुमंगलाने चूल पेटवली.

बुधवारी ती लॉजवर गेली. मालक प्रवीण बेळगावचा. लॉजची विजेची गाडी पाहुण्यांना रामनगरहून आणायची आणि धरणाचं पाणी सुटलं की त्यांना राफ्टिंगला पोचवायची. फाट्यावरच्या यंत्राचं सर्वांत जवळचं गिऱ्हाईक हेच.

"तुमची गाडी कधी चार्ज करता?"

"रोज दुपारी. पाहुणे जेवायला बसले की शिवानंद घेऊन जातो."

"पैसे?"

"त्याला रोख देतो. तो त्याच्या फोनवरून भरतो. माझ्यावर संशय आहे की काय बाई?"

"सगळ्यांवर हाय. आन् तो नसतो त्या दिवशी?"

"तुमच्या देवीचे वार चालू झाल्यापासून मंगळवारी मीच गाडी चालवतो आणि मीच चार्ज करतो. माझ्या फोनवरून पैसे जातात. दाखवू?"

त्याने दाखवले. सुमंगलाने मान हलवली आणि ती घरी आली. साडेबारा वाजले होते. जुडगा खुंटीला लावून तिने शिवानंदला वाढलं. तो जेवून गेला. एरवी ती यावेळी तासभर आडवी व्हायची. आज तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढून यादीशेजारी ठेवलं. वाराच्या दिवसांवर तिनेच कुंकवाने खुणा केल्या होत्या. एकेका नोंदीवर बोट ठेवत ती शेवटापर्यंत गेली, पुन्हा वरून सुरुवात केली, आणि मग भिंतीला टेकून बसून राहिली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते असं असतं तर.

गुरुवारी अकराला नागराजसाहेब हुबळीहून आला. पुंडलिक होता. प्रवीणला लॉजच्या गाडीतून शिवानंदने आणलं होतं. हॉटेलातले चारपाच रिकामटेकडे आपण होऊन जमले. सुंदरी मुलाला घेऊन दाराशी उभी होती.

"हे काढून टाकण्याचं पत्र," नागराज म्हणाला. "सही करा री अम्मा. माझा नाइलाज आहे."

"थांबा साहेब," सुमंगला म्हणाली. "चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका. चोर कोण ते सांगते, मग सही घ्या."

नागराजने पेन खाली ठेवलं.

"पहिली गोष्ट. साक्षीदार सांगतो, एक वाजून गेल्यावर सुंदरीनं कार्ड दिलं. सुंदरी बरोबर एकला लेकराला पाजायला जाते. शेजारपाजाऱ्यांना विचारा. मग ती दारात दिसली कशी? आन् चोरी एक ते दोनमध्ये व्हते हे यादीत हाय. यादी कंपनीबाहेर फक्त पुंडलिकनं, सुंदरीनं आन् मी बघितली हुती. साक्षीदाराला ती वेळ कशी ठाऊक?"

शिवानंदने घसा खाकरला. "मी अंदाजानं बोललो."

"आमची यादी वाचायची रीत न्यारी हाय साहेब," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "मीटर वाचताना वापर किती हे सगळेच बघतात. मी वापर कधी न्हाई तेबी बघते. बंद घर त्यावरनंच कळतं. ही यादी घ्या. पहिल्या महिन्यात सगळे वार हायत, मंगळवारसुद्धा. नंतर चार मंगळवार दुसरं कार्ड कुणी लावलंच न्हाई. बाकी रोज हाय. गोव्याच्या गाडीवाल्याला मंगळवार काय आन् बुधवार काय? सुंदरीच्या वाडीतबी हा वार पाळत न्हाईत. पुंडलिकचं गाव येगळं, त्येची जत्रा येगळी."

"मग कोण पाळतं?" नागराजने विचारलं.

"ह्या फाट्यावर एकच घर."

सगळे शिवानंदकडे बघू लागले. सुमंगला प्रवीणकडे वळली.

"प्रवीणभाऊ, त्याच चार मंगळवारी गाडी तुमी चार्ज केली आन् पैसे भरले. साहेब, यंत्रात पैसे भरणाऱ्यांचे फोन असतात. प्रवीणभाऊंचा बघा."

नागराजने मोबाईलवर बघितलं. "पाच वेळा. ते चारही मंगळवार, आणि परवाचा."

"आता माझ्या मालकांचा बघा. रोज पैसे भरतात म्हणं." तिने नंबर सांगितला. तो तिला तोंडपाठ होता.

नागराजने दोनदा शोधलं. "यादीतल्या दोन महिन्यांत एकदाही नाही."

"गाडी तर रोज भरत हुती. मग कशावर भरत हुती?"

"पण खोलीला कुलूप हुतं," पुंडलिक म्हणाला. "कार्ड आत. किल्ली..."

"दुसरी किल्ली माझी. मी साडेबाराला घरी येते, जुडगा खुंटीला लावते, जेवून झोपते. घरात दुसरं कोण असतं ते सगळ्यांना ठाऊक हाय. अडीचला उठायच्या आत जुडगा परत खुंटीवर." तिने पदराने तोंड पुसलं. "दोन महिने माझ्या किल्लीनं चोरी झाली. मी त्याच माणसाला ताट वाढत हुते."

शिवानंदने आधी प्रवीणकडे बघितलं, मग खाली.

"फुकटचंच तर हुतं," तो म्हणाला. "पुंडलिकला द्यावं लागत न्हवतं, मला द्यावं लागत न्हवतं. कुणाचं काय जातंय, असं वाटलं. जत्रा वीस वर्षांनी आली. पाहुण्यांत मान ऱ्हावा म्हणून प्रवीणशेठनी दिलेले पैसे बाजूला ठेवले. देवीचंच काम."

"आन् ह्या पोरीचं नाव?"

"साहेबाचं पत्र आलंय असं कळलं, तवा घाबरलो. कुणाचं तरी नाव घ्यायला पायजे हुतं."

"देवीचा वार मोडायची भीती वाटली," सुमंगला म्हणाली, "आन् लेकुरवाळीच्या पोटावर पाय द्यायची न्हाई वाटली."

नागराजने पत्र फाडलं. सुंदरीची नोकरी राहिली. पुंडलिकची सवलतही राहिली, दुसरं कार्ड रद्द करून. प्रवीणने लॉजच्या गाडीची किल्ली शिवानंदकडून तिथेच मागून घेतली. पुंडलिकने हॉटेलातल्या मंडळींकडे वळून मोठ्याने सांगितलं, "पोरगी निर्दोष हाय. चूक माझी. ऐकलं न्हवं सगळ्यांनी?" सुंदरी मुलाला छातीशी धरून रडली, मंगळवारी आटलेलं सगळं रडली.

लोक पांगल्यावर शिवानंद सुमंगलाजवळ आला.

"काल रात्री घरात विचारलं असतंस, तर मी कबूल केलं असतं. चव्हाट्यावर कशाला माझी लाज काढलीस?"

"तुमी तिचं नाव हॉटेलात घेतलं. घरात कबूल केल्यानं ते हॉटेलातनं पुसलं गेलं नसतं."

"तीस वर्षांचा संसार हाय आपला."

"म्हणूनच दोन महिने मला कळलं न्हाई. दुसरं कुणी असतं तर दोन दिवसांत पकडलं असतं."

तो अगदी हळू म्हणाला, "पाहुणे यायचेत. जत्रेत तुझ्याबद्दल विचारतील. काय सांगू त्यास्नी?"

"खरं काय ते सांगा. वाढायला मी नसणार."

बाजारकुणंगची बस फाट्यावर थांबली. तिकडचे मीटर वाचायचे राहिले होते. सुमंगला चढली, खिडकीजवळ बसली, कंडक्टरला सुट्टे पैसे दिले, आणि बस वळणापलीकडे गेल्यावर मग रडली.