नुसते हात

अमेरिकेतल्या दलूथ शहरात एका बसथांब्यावर लोर्ना पाऊस चुकवत उभी होती. रस्त्यापलीकडे गाडीत बसलेल्या ओपलला ती खुणांनी सांगत होती, उद्या चित्रांचा तास आहे, रंग विसरू नकोस. ओपल सहा वर्षांची, जन्मापासून ऐकू न येणारी. लोर्ना तिची शाळेतली बाई. गाडी निघून गेली, आणि शेजारून कुणीतरी म्हणालं, "ते पुन्हा करून दाखवाल?"

शेजारी उभा असलेला एक तरुण भिजलेल्या कागदावर चक्क तिचे हात काढत होता.

"तमाशा वाटला का तुम्हाला?"

"नाही हो… अंगठा नेमका कुठे गेला, तेच कळलं नाही मला."

ती तडक बसमध्ये चढली. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांनी त्याचीच ओळख करून दिली. एमेट ब्युलियू, शाळेसाठी संगणकावरचे हलत्या चित्रांचे धडे बनवणार होता. लोर्नाचे कान तापले.

धडे ओपलसाठीच हवे होते. उन्हाळ्यात तिचं कुटुंब दूर उत्तरेला, तळ्याकाठच्या गावात राहायला जाणार होतं. तिथे खुणांची भाषा कुणालाच येत नव्हती, आणि घरच्यांनाही जेमतेमच येत होती. पोर गप्प होऊन बसेल, या धास्तीनं लोर्नाला जेवण गोड लागत नव्हतं.

एमेट तिच्या खुणांचं चित्रण करायचा आणि मग एकेक हालचाल संगणकावर रेखाटायचा. चित्राला बोट लावलं की पडद्यावरचे हात त्याची खूण करून दाखवणार, मग प्रश्न विचारणार, चुकलं तर सावकाश पुन्हा दाखवणार. दिवसभर तो तिच्या हातांकडे बघत असे. लोर्ना नखांना नीट आकार द्यायला लागली… आणि स्वतःवरच चिडली. पोर्टलंडच्या एका स्टुडिओनं त्याला बोलावलं होतं, हे त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. किती काम उरलं, असं ती रोज विचारायची, आणि उत्तर पुरतं ऐकायच्या आत दुसरंच काहीतरी बोलू लागायची.

धडा तयार झाल्यावर ओपलला बोलावलं. ती थोडा वेळ बघत राहिली, मग पडदा ढकलून तिनं खुणेनं विचारलं: माणूस कुठे आहे?

लोर्नाच्या लक्षात आलं, पडद्यावर तर नुसते हात होते. हनुवटीला अंगठा लावला की आई, कपाळाला लावला की बाबा. भुवया वर गेल्या की प्रश्न. चेहराच नसेल तर आई कुठली आणि प्रश्न कुठला? आणि ओपल जायला फार दिवस उरले नव्हते.

"चूक माझी आहे," एमेट हळूच म्हणाला. "आता तुमचा चेहरा काढावा लागेल."

"माझा? दुसऱ्या कुणाचा काढा ना."

"दुसऱ्या कुणाशी ती बोलेल?"

मग तो समोर बसून तिचा चेहरा बघू लागला. भुवया, ओठांचे कोपरे… ती नजर चुकवायची.

"इकडे बघा की."

"बघतेच आहे."

"खिडकीकडे बघताय."

तिला हसू फुटलं. ते हसूही त्यानं धड्यात घातलं, उत्तर बरोबर आलं की दिसेल असं.

ओपल पुन्हा आली. पडद्यावरच्या लोर्नानं भुवया उंचावून विचारलं, आई कुठे आहे? ओपलनं आईच्या चित्राला बोट लावलं. चित्रातली बाई हसली आणि ओपल तिच्याशी दोन्ही हातांनी भराभर बोलायला लागली. थांबेचना.

लोर्ना व्हरांड्यात निघून आली. एमेट मागोमाग आला.

"झालं ना सगळं काम?" तिनं विचारलं.

"झालं. पोर्टलंडला सोमवारी कळवायचंय."

"मग… कळवा."

"काय कळवू?"

"मी कोण सांगणार?"

"तुम्हालाच विचारतोय."

रुमालाची घडी तिच्या बोटांत चुरगळून गेली होती. नाही म्हणाला तर? हसला तर? गार वारा आला. तिनं एकदाचं त्याच्याकडे सरळ बघितलं.

"थांब," ती म्हणाली. "जाऊ नकोस तू."

तो हसला नाही. तिच्या हातातला रुमाल त्यानं काढून घेतला आणि तिचा हात मात्र सोडला नाही.