वजन आल्यावर

लोकांच्या डोळ्यांत डोळे घालून बघणं हा माझा रोजचा धंदा आहे. चष्म्याचं दुकान बाबांचं, पण नंबर तपासते मी, फ्रेम बसवते मी. त्यामुळे कुणाच्या डोळ्यांत बघून मला कधी काही झालं नव्हतं... त्या शनिवारपर्यंत.

दुकान बंद करायची वेळ झाली होती. शटर अर्धं खाली ओढलेलं. त्याखालून वाकून एक उंच माणूस आत आला आणि आमच्या भिंतीवरच्या आरशाला म्हणाला, "नमस्कार. जरा अडचणीत आहे हो."

"मी इकडे आहे," मी म्हटलं.

"अरे... माफ करा." तो आवाजाच्या दिशेनं वळला आणि त्यानं काउंटरवर आपला चष्मा ठेवला. चष्मा कसला, अवशेषच ते! एक भिंग फुटलेलं, एक काडी लोंबकळत असलेली, आणि बिजागरीत तांबूस भुगा.

मी फुंकर मारली. "हा तर गंज आहे. चष्म्यात गंज कुठून आला?"

"गाडीखाली होतो."

"अगं बाई! गाडी अंगावरून गेली?"

"नाही हो, मीच आपण होऊन गेलो गाडीखाली," तो हसला. "सस्पेन्शनचे बुश बदलतोय. घरीच."

मागच्या खोलीतून बाबांनी डोकं काढलं. "कोण, आपले गुडघेवाले का?"

तेव्हा मला ओळख पटली. गल्लीत सगळे त्याला गुडघेवालाच म्हणत. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांकडून व्यायाम करून घेणारा फिजिओथेरपिस्ट. समोरच्या आजी त्याच्या जिवावर पुन्हा जिना चढायला लागल्या होत्या. मी त्याला लांबून पाहिलं होतं, नेहमी घाईत. इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहत होते, आणि तो मला अजिबात पाहू शकत नव्हता. हे मला फार सोयीचं वाटलं.

"मेकॅनिककडे का नाही देत गाडी?" मी विचारलं.

"तो म्हणतो, अख्खा आर्म मागवावा लागेल. जुनं मॉडेल, पंधरा दिवस तरी जातील. नुसते बुश मात्र मिळाले. आणि मला गाडी परवा हवी आहे... सोमवारी आईला दवाखान्यातून घरी आणायचंय." तो थांबला. "खुब्याचं ऑपरेशन झालंय तिचं."

"अँब्युलन्सनं आणा की."

"ती ऐकेल तर ना! म्हणते, मी आडवी होऊन घरी येणार नाही, बसून येणार. आपल्या गाडीतून." त्यानं काउंटरवरचा गंजाचा कण बोटानं टिपला. "जाताना हीच गाडी होती. प्रत्येक खड्ड्याला धाडकन आवाज. आईनं हूं की चूं केलं नाही. नुसती खिडकीची कडी धरून बसली होती. ते मला फार लागलं हो. दिवसभर लोकांची दुखणी कमी करत फिरतो, आणि स्वतःच्या आईला..."

वाक्य त्यानं तिथंच सोडलं. मलाही पुढचं ऐकवलं नसतं.

नवीन भिंग उद्याशिवाय मिळणार नव्हतं. आणि चष्म्याशिवाय त्याला स्वतःचा हातही धड दिसत नव्हता. मग मी आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. डोळे तपासायची ती जाडजूड, गोल, स्क्रू लावलेली फ्रेम काढली, त्यात त्याच्या नंबरची भिंगं सरकवली आणि घरी घालून जायला त्याच्या नाकावर चढवली.

त्यानं डोळे उघडले. मला पाहिलं. आणि पाहतच राहिला.

"दिसतंय का नीट?" मी विचारलं. माझा आवाज जरा बारीकच निघाला.

"हो..." तो म्हणाला. "फारच नीट दिसतंय."

"ही फ्रेम आजवर दुकानाबाहेर गेलेली नाही," बाबा मागून कुरकुरले.

"मी उद्या स्वतः जाऊन आणते ना," मी इतक्या चटकन म्हटलं की बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

*

रविवारी नवा चष्मा घेऊन गेले तर गुडघेवाला घराच्या पत्र्याच्या शेडमध्ये, नाकावर ती भलीमोठी फ्रेम लावून, जमिनीवर बसला होता. गाडीचं पुढचं एक चाक काढलेलं, ती बाजू लोखंडी स्टँडवर उचलून धरलेली. आणि बाजूच्या टेबलावर, जिथं तो म्हाताऱ्या माणसांना झोपवून त्यांचे पाय हलवतो त्या टेबलावर, एक काळा लोखंडी हात शेकायच्या गरम पिशव्यांमध्ये गुंडाळून ठेवला होता.

मला हसू आवरेना. "पेशंटला काय झालंय?"

"कूर्चा झिजली," तो गंभीरपणे म्हणाला. "हे बघा. हा आर्म चाकाला धरून ठेवतो. तो गाडीला जिथं जोडतात, तिथं हे असं रबर असतं. बुश. माणसाच्या गुडघ्यात गादी असते तसंच. ते गेलं की लोखंडावर लोखंड आपटतं."

त्यानं जुना बुश माझ्या तळहातावर ठेवला. रबर भेगाळून, फाटून एका बाजूला गोळा झालं होतं. एवढीशी वस्तू! मुठीत मावणारी. आणि तिच्यावर एवढी गाडी, चार माणसं, सगळे रस्ते... मला खरंच आश्चर्य वाटलं. आपण कशाकशावर बसून फिरतो आणि आपल्याला पत्ताही नसतो.

"हा काढला कसा?"

"करवतीचं पातं आतून घालून बाहेरची लोखंडी कडी कापली. काल त्यातच चष्मा गेला."

"आणि नवा कसा बसवणार? गॅरेजमध्ये मोठं मशीन असतं ना दाबायचं?"

"ते नाही म्हणून तर गंमत आहे," तो म्हणाला. मग जरा थांबून, "थांबता का थोडा वेळ? मला तिसरा हात हवाय."

मी ओढणी कमरेला खोचली.

त्याचं मशीन म्हणजे आटे पाडलेली एक लांब सळई, दोन नट, मूठभर वॉशर, गोटीपान्याच्या डब्यातली एक मोठी, पोकळ लोखंडी गोटी आणि नळाच्या जाड पाइपाचा कापलेला तुकडा. नवा बुश रात्रभर फ्रीजमध्ये होता, पेशंटच्या बर्फाच्या पिशव्यांच्या मधोमध. "थंडीनं तो किंचित आकसतो, आणि आर्म शेकला की त्याचं भोक किंचित फुलतं," तो म्हणाला. "केसाएवढाच फरक. पण तेवढा पुरतो."

केसाएवढा फरक हा माझ्या ओळखीचा विषय होता. मी बुश सरळ धरला. "डावीकडे झुकलाय," मी म्हटलं. "अजून... आता बरोबर."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मी दिवसभर मुंगीएवढे स्क्रू फिरवते. हे तर हत्ती आहेत."

त्यानं साबणाचं पाणी लावलं आणि नट फिरवायला सुरुवात केली. एका बाजूनं गोटी ढकलत होती, दुसऱ्या बाजूनं पाइप त्याला जागा करून देत होता. हातोडा नाही, आदळआपट नाही. नुसता पाना फिरत होता, आणि तो घट्ट, हट्टी बुश आपसूक, कणाकणानं, त्या लोखंडाच्या आत शिरत होता. मी श्वास रोखून धरला होता. देवळात गेल्यावर आवाज आपोआप खाली येतो ना, तसं झालं होतं.

"अगं बघ... गेला!" तो एकदम ओरडला. "गेला बघ!"

गेलाच होता. कडेशी कड जुळवून. जणू तिथंच जन्माला आला होता. आणि मी 'अहो'ची 'अगं' कधी झाले ते दोघांच्याही लक्षात एकदमच आलं. तो लाजून पाना पुसत बसला. पाना आधीच स्वच्छ होता.

दुसऱ्या बाजूचा बुश बसेपर्यंत दुपार झाली. मग आर्म जागेवर लावले. गाडी अजून स्टँडवरच, चाकं काढलेली. पान्याला जुन्या पलंगाचा पाइप जोडून आम्ही दोघांनी मिळून बोल्ट कचकचून आवळले. हात काळे, कपाळ काळं, आणि एवढा आनंद की विचारू नका.

"एक बोलू?" तो जमिनीवर तसाच बसून म्हणाला. "रागावणार नसलीस तर... मला असं वाटतं की तू... म्हणजे आपण दोघं..."

"काल संध्याकाळी ओळख झालीये आपली," मी म्हटलं.

"माहितीये. पण बोलून टाकतो—"

"आधी चाकं लावा."

*

गल्लीतून एक चक्कर मारली आणि आमचा आनंद मावळला.

धाडधाड गेली होती, हे खरं. पण आता प्रत्येक उंचवट्याला गाडी कण्हत होती. कुईं... कुईं... शिवाय ताठर झाली होती, आणि नाकाड वर करून उभी होती. त्यानं शेडमध्ये गाडी आणली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

"उद्या सकाळी तिला काय सांगू?" तो म्हणाला. "म्हणू का, परत खिडकीची कडी धर म्हणून?"

मी टॉर्च घेतला आणि सरळ गाडीपुढं आडवी झाले. ओढणीची पर्वा केली नाही. बुशवर प्रकाश टाकला. कोरं करकरीत रबर, पण एका अंगाला त्याला पीळ पडला होता. ओला कपडा पिळून धरावा तसा.

"आपण आवळलं तेव्हा गाडी हवेतच होती ना?" मी खालूनच विचारलं.

"हो. स्टँडवर होती."

"मग आर्मही खाली लोंबत होता. आणि आता वजन आल्यावर वर गेलाय. पण रबर मात्र आपण त्या जुन्या जागीच जखडून टाकलं. म्हणून ते रडतंय बिचारं."

तो खाली वाकला. माझ्या शेजारी डोकं आणून पाहिलं.

"चष्मा टेबलावर कधीच बसवत नाहीत," मी म्हटलं. "टेबलावर कितीही छान दिसू दे. आधी चेहऱ्यावर ठेवायचा, नाकावर त्याचं वजन येऊ द्यायचं, आणि मगच कानामागं काडी वाकवायची. नाहीतर दिवसभर टोचतो."

तो माझ्याकडे असा बघत राहिला की मला टॉर्च विझवावा लागला.

म्हाताऱ्या माणसांना पायरी चढायचा व्यायाम देण्यासाठी त्याच्याकडे रुंद लाकडी ठोकळे होते. त्यांवर त्यानं गाडी हळूच चढवली, म्हणजे वजन चाकांवर राहिलं आणि खाली हात घालायला जागाही झाली. मग दोन्हीकडचे बोल्ट सैल केले.

आणि गाडी बसली. खाली, अगदी अलगद, उसासा सोडल्यासारखी. मला ऐकू आलं ते. दिवसभर अवघडून उभं राहिलेल्या माणसानं पाठ टेकावी तशी ती बसली, आणि रबराचा पीळ माझ्या डोळ्यांदेखत उलगडला. माझ्या अंगावर काटा आला. त्याच्याही. दोघांचे काळेकुट्ट हात शेजारी शेजारी होते, म्हणून दिसलं.

"आता आवळा," मी कुजबुजले.

त्यानं आवळलं. मग हळूच म्हणाला, "मघाशी मी जे बोलत होतो—"

"तेही हवेतच आवळत होतात."

"मग?"

"वजन येऊ द्या," मी म्हटलं, आणि तपासायची फ्रेम घेऊन घरी पळाले. नवा चष्मा त्याच्या हातात दिला, पण तो नाकाकानांवर बसवून द्यायचा मात्र राहूनच गेला.

*

सोमवारी मी बाबांना काही कारण सांगितलं नाही. बाबांनीही विचारलं नाही. "आईंना मागे धरून बसायला कुणी तरी लागेलच," एवढंच ते वर्तमानपत्राला म्हणाले.

त्याच्या आईला मी पहिल्यांदाच भेटत होते. बारीक चणीच्या, ताठ मानेच्या बाई. दवाखान्याच्या दारात मला आपादमस्तक न्याहाळून त्यांनी लेकाला विचारलं, "ही कोण रे?"

"हिनं गाडी बरी केली, आई."

"अस्सं," त्या म्हणाल्या, आणि माझा हात धरून मागच्या सीटवर बसल्या.

तो गाडी फार सांभाळून चालवत होता. त्याची मान मागून दिसत होती, पार ताठ. घराच्या वळणावर तो उंच गतिरोधक आहे. जाताना सगळ्यात जास्त तिथंच लागलं होतं. लांबून तो दिसला आणि आईंनी बोलणं थांबवलं. माझा हात एवढा गच्च आवळला की बांगडी रुतली. डोळे मिटून घेतले.

गाडी चढली. उतरली.

काही झालं नाही. आवाज नाही, धक्का नाही. नुसती एक लाट यावी आणि जावी, बस. आईंनी डोळे उघडले नाहीत, पण त्यांची बोटं माझ्या हातात एकेक करून सैल होत गेली. ती मी मोजली नाहीत, पण प्रत्येक बोट सुटलेलं कळलं.

"गेला का रे तो?" त्यांनी विचारलं.

"गेला, आई."

"मला कळलंच नाही," त्या म्हणाल्या. लहान मुलीसारख्या चकित झाल्या होत्या. "अरे, मला कळलंच नाही!"

दारात गाडी थांबली. तो उतरला, मागचं दार उघडायला आला, आणि उघडायचं सोडून तसाच उभा राहिला. डोळे भरलेले, आणि न बसवलेला चष्मा नाकाच्या शेंड्यावर घसरलेला. मला राहवलं नाही. मी माझ्या बाजूनं उतरले, गाडीला वळसा घालून त्याच्यापुढं उभी राहिले.

"समोर बघा," मी म्हटलं. "माझ्याकडे."

त्यानं पाहिलं. मी चष्मा वर सारला, त्याच्या कानांमागं बोटं नेली आणि दोन्ही काड्या अलगद वाकवल्या. हे मी हजारदा केलं असेल. पण या वेळी बोटं तिथून काढून घ्यायला मला जरा वेळच लागला.

"टोचतोय का?"

"नाही," तो म्हणाला. "अजिबात नाही."

"मग आता विचार."

"आता?" तो गोंधळला. "इथं? आई गाडीत आहे, सामान आहे..."

"म्हणूनच. याहून जास्त वजन कधी यायचं?"

आतून काचेवर टकटक झाली. "अरे विचार की बाबा लवकर," आई म्हणाल्या. "माझा पाय अवघडलाय."

त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. मग आम्ही दोघांनी मिळून आईंना हळूच खाली उतरवलं.